देण्याचा सोहळा आणि देण्याचा नेम

आपल्या शाळेंत दर वर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं एक मेळा भरतो. आवारांतील वडाखालीं दुकानें मांडलीं जातात, भज्यांचा वास दरवळतो, चक्र फिरवून बक्षीस जिंकण्यासाठीं खालच्या वर्गांतील मुलें रांगा लावतात, आणि सायंकाळीं गाणीं व नाटुकलीं होऊन समारंभ आटोपतो. जमलेली सर्व रक्कम गांवाबाहेरील एका बालगृहास द्यावयाची, हा शाळेचा जुना परिपाठ आहे. तो परिपाठ चांगला आहे, हें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. त्या मेळ्यांत आम्हीं तिकिटें विकलीं आहेत, खुर्च्या वाहिल्या आहेत, आणि भज्यांच्या कढईपाशीं डोळे चोळीत उभे राहिलों आहों. तेव्हां पुढें जें लिहीत आहों तें दूर उभें राहून दोष काढणाऱ्यांचें लिहिणें नव्हे. दोषांत आमचा वांटा आहे, म्हणूनच त्याविषयीं बोलणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

गेल्या मेळ्याच्या सायंकाळीं कार्यक्रमाच्या शेवटीं बालगृहांतील मुलांस रंगमंचावर बोलाविण्यांत आलें. एकेकाचें नांव पुकारावें, त्यानें पुढें यावें, आमच्यापैकीं एकानें त्याच्या हातांत एक ब्लँकेट व खाऊचा पुडा द्यावा, छायाचित्र घेतलें जावें आणि टाळ्या व्हाव्यात, अशी योजना होती. ती आम्हींच आंखली होती. पुकारलेल्या नांवांत एक नांव आपल्याच शाळेंतील एका खालच्या वर्गांतल्या मुलाचें निघालें. तो बालगृहांत राहतो हें त्याच्या सोबत्यांपैकीं कोणासही ठाऊक नव्हतें. त्याला ब्लँकेट देण्यासाठीं उभा केलेला विद्यार्थी त्याच्याच बांकावर बसणारा होता. दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें नाहीं. टाळ्या मात्र भरपूर झाल्या. पुढचे चार दिवस तो मुलगा शाळेंत आला नाहीं. पांचव्या दिवशीं आला, तो शेवटच्या बांकावर जाऊन एकटा बसला.

त्याला कोणी हंसलें नाहीं, कोणी टोंचून बोललेंही नाहीं. परंतु कालपर्यंत तो वर्गांतील इतरांसारखाच एक होता. आज तो ‘बालगृहांतला मुलगा’ झाला. आम्हीं त्याला एक पांघरूण दिलें आणि त्याची वर्गांतील बरोबरी काढून घेतली. हा व्यवहार कोणत्या हिशेबानें पुण्याच्या बाजूस मांडावा, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनांतून जात नाहीं. त्याचा विचार करण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम आपली एक समजूत तपासून पाहिली पाहिजे. संकटांतील मूल म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें आईबाप नसलेलें, रस्त्यावर निजणारें मूल येतें. वस्तुस्थिति याहून पुष्कळ विस्तृत आहे. काळजी व संरक्षण यांची गरज असलेलीं मुलें कोणतीं, हें २०१५ सालच्या बालन्याय कायद्यानें सांगितलें आहे. त्यांत अनाथ मुलांबरोबर घर नसलेलीं, भीक मागावयास वा मजुरीस लावलेलीं, छळ सोसणारीं, हरवलेलीं, घरांतून पळून आलेलीं, बालविवाहाच्या धोक्यांत असलेलीं, आणि ज्यांचे पालक आजारामुळें किंवा असमर्थतेमुळें सांभाळ करूं शकत नाहींत, अशीं अठरा वर्षांखालील मुलें येतात. असें मूल आढळल्यास प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत त्याला बालकल्याण समितीपुढें हजर केलें पाहिजे, असा दंडक आहे. म्हणजे बालगृहांत येणारें मूल कोणा दात्याच्या दयेनें तेथें राहत नाहीं. तें आपल्या हक्कानें राहतें. ही गोष्ट ध्यानांत आली कीं देणाऱ्याची मान थोडी खालीं येते आणि घेणाऱ्याची थोडी वर होते. आणि तसें होणेंच इष्ट आहे.

१९९६ सालीं मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रयोगांतून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानें १०९८ या क्रमांकाची दूरध्वनि-सेवा सुरू झाली. रस्त्यावरच्या पोरास पैसे न देतां, दिवसा वा रात्रीं, केव्हांही मदतीस हांक मारतां यावी, एवढाच तिचा हेतु होता. ही सेवा पुढें देशभर पसरली, आणि २०२३ पासून सरकारनें ती आपल्या यंत्रणेंत घेतली. या सेवेचें मर्म आम्हांस असें दिसतें कीं, तेथें बोलावणारें मूल असतें आणि धांवून जाणारे आपण असतों. आमच्या मेळ्यांत नेमकें उलट झालें. बोलावणारे आम्ही होतों, आणि मुलास यावें लागलें.

आतां कोणी म्हणेल कीं, डोळ्यांनीं पाहिल्यावांचून लोकांच्या खिशांतून पैसा निघत नाहीं; दुःख दाखविलेंच पाहिजे. या आक्षेपांत तथ्य आहे. १९१९ सालीं पहिलें महायुद्ध थांबलें होतें, तरी शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी चालूच होती आणि ऑस्ट्रिया-जर्मनींतील मुलें उपासमारीनें मरत होतीं. एग्लंटाइन जेब नांवाच्या इंग्रज बाईंनीं लंडनच्या ट्रफाल्गर चौकांत एका उपाशी मुलाचें चित्र असलेलीं पत्रकें वांटलीं. त्याबद्दल त्यांस पकडण्यांत आलें व पांच पौंड दंड झाला; तो दंड त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या सरकारी वकिलानेंच भरण्याची तयारी दाखविली, असें सांगतात. त्यांनीं व त्यांच्या भगिनी डॉरोथी बक्स्टन यांनीं त्याच वर्षीं ‘सेव्ह द चिल्ड्रन’ हा निधि उभारला. शत्रूच्या मुलांसाठीं वर्गणी मागणारी ती बाई किती धैर्याची असेल! ज्या राष्ट्राला आपल्या क्रूरपणाकडे पाहावयाचें नव्हतें, त्याच्यापुढें तें चित्र धरणें तेव्हां अवश्यच होतें.

परंतु जेब बाई तेवढ्यावर थांबल्या नाहींत, हें विसरतां कामा नये. मुलांस दयेपेक्षां हक्काची भाषा अधिक उपयोगी पडेल, हें ओळखून त्यांनीं मुलांच्या हक्कांचा एक लहानसा जाहीरनामा तयार केला, आणि १९२४ सालीं राष्ट्रसंघानें जिनीव्हा येथें तो मान्य केला. आपत्तीच्या वेळीं साह्य प्रथम मुलांस मिळालें पाहिजे, हें त्यांतील एक कलम आहे. ज्या हातांनीं चित्र वांटलें त्याच हातांनीं हक्काचा मसुदा लिहिला. आम्ही मात्र त्यांतील चित्र तेवढें उचललें आणि हक्क मागें ठेवला.

ट्रफाल्गर चौकांतील तें मूल दूरदेशचें होतें. त्याला ओळखणारा कोणी त्या चौकांत नव्हता. आमच्या रंगमंचावरील मुलगा दुसऱ्या दिवशीं आमच्याच घंटेला वर्गांत बसणार होता. शिवाय त्या सायंकाळचीं छायाचित्रें जेवणाच्या वेळेपर्यंत गांवांतल्या अर्ध्या मोबाईलांवर जाऊन पोंचलीं होतीं. बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें अशा मुलाचें नांव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र, ज्यामुळें त्याची ओळख पटेल असें कांहींही, छापण्यास वा प्रसृत करण्यास मनाई आहे, आणि ती मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊं शकतात. कायद्यास शिक्षेची भाषा वापरावी लागते. पण त्यामागें साधी माणुसकीच आहे.

ही माणुसकी आपल्या महाराष्ट्रास नवी नाहीं. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. अडचणींत सांपडलेल्या विधवांनीं तेथें गुप्तपणें यावें, सुखरूप बाळंत व्हावें, आणि हवें तर मूल तेथेंच ठेवून जावें, अशी सोय होती. त्या गृहाचा सारा आधार गुप्ततेवर होता. ज्या दिवशीं तेथें येणाऱ्या बाईचें नांव चव्हाट्यावर जाईल, त्या दिवशीं दुसरी बाई दाराशीं येणार नाहीं आणि एक मूल जगणार नाहीं, हें त्या दंपत्यास पक्कें ठाऊक होतें. साह्य आणि अब्रू या दोन वस्तु वेगळ्या करतां येत नाहींत, हा धडा आपणांस इतका जुना आहे.

मग लोकांपुढें मागावयाचें तरी कसें? सिंधुताई सपकाळ यांचें उदाहरण सर्वांच्या ओळखीचें आहे. गांवोगांवच्या सभांतून त्यांनीं पदर पसरला आणि त्यावर शेंकडों मुलें वाढविलीं. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांच्या सभेंत श्रोत्यांचे डोळे भरून येत, हें खरें. पण ती कहाणी त्यांची स्वतःची असे, आणि ती सांगण्याचा अधिकारही त्यांचाच होता. प्रौढ माणसानें आपलें दुःख आपल्या मुखानें सांगणें निराळें, आणि ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं अशा लेंकरास उभें करून त्याचें दुःख दुसऱ्यानें वाचून दाखविणें निराळें.

आतां दुसऱ्या मुद्द्याकडे वळतों. आमचें देणें एका सायंकाळीं सुरू होऊन त्याच सायंकाळीं संपतें. मुलाची भूक मात्र रोजची असते. पंडिता रमाबाईंच्या कार्याचा इतिहास वाचतांना आम्हांस या बाबतींत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. १८८७ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें त्यांच्या साह्यार्थ जी मंडळी स्थापन झाली, तिनें एकदांच मोठी थैली अर्पण केली नाहीं. दहा वर्षें साह्य करीत राहण्याचें वचन दिलें. ठिकठिकाणीं लहान मंडळें निघालीं, आणि साधीं माणसें दर वर्षीं आपला लहानसा वांटा पाठवीत राहिलीं. त्या वचनाच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. मुदत संपल्यावर काय करावयाचें, या विचारानें बाईंनीं पुढें केडगांवीं जमीन घेऊन फळझाडें लावण्यास आरंभ केला. आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं ज्या निराधार मुली आणल्या, त्यांस तीच जमीन आसरा झाली. दहा वर्षांच्या वचनामुळेंच दहा वर्षांपुढचा विचार करण्यास उसंत मिळाली.

आपल्याकडेही या शतकापूर्वींच्या पिढीनें असा प्रयोग केला आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांत प्रत्येकाकडून वर्षाचा एक पैसा मागितला जाई, आणि अशा पैशांतून तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. त्या फंडाचा हेतु उद्योगधंद्यांचा होता. पण लहान रक्कम आणि मोठा नेम यांची सांगड काय करूं शकते, हें त्यानें दाखविलें.

मोठ्या आपत्तींत तर या नेमाची कसोटीच लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. पहिल्या दिवसांत मदतीचा ओघ लागला. अन्न, कपडे, भांडीं यांच्या गाड्या लोटल्या. परंतु त्या वेळीं भारतीय जैन संघटनेनें शांतिलाल मुथा यांच्या पुढाकारानें भूकंपग्रस्त भागांतील सुमारें बाराशें मुलांस पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला, ही गोष्ट आम्हांस गाड्यांच्या रांगेहून मोठी वाटते. चादर एका दिवसांत देतां येते. पांचवींतलें मूल दहावीस पोंचावयास पांच वर्षेंच लागतात, आणि त्यांतलें एकही वर्ष कोणास कमी करतां येत नाहीं.

पैशाविषयीं जें खरें तेंच सेवेविषयींही खरें आहे. मेळ्यानंतरच्या उत्साहांत आमच्यांतील तीस जणांनीं रविवारीं बालगृहांत जाऊन शिकविण्यासाठीं नांवें दिलीं. पहिल्या रविवारीं सत्तावीस गेले, तिसऱ्या रविवारीं अकरा. परीक्षा जवळ आली तेव्हां दोन राहिले. आम्हांस वाटलें, यांत बिघडलें काय? जेवढें केलें तेवढें तरी झालें. पण तेथील सांभाळ करणाऱ्या बाईंनीं आम्हांस जें सांगितलें तें येथें नमूद करतों. त्या म्हणाल्या, “मुलें दर रविवारीं अंघोळ करून, केंस विंचरून, फाटकापाशीं बसतात. कोणी येणारच नसेल तर तीं तसें बसत नाहींत. तुम्ही येतों म्हणून सांगितलें, म्हणून बसतात.” ज्या मुलास एकदां मोठ्या माणसांनीं सोडलें आहे, त्यास पुन्हां सोडून जाण्याचें काम आम्हीं सेवेच्या नांवाखालीं केलें. यापुढें ज्याला सबंध वर्षाचे रविवार देतां येत नसतील, त्यानें मुलांपुढें जाऊंच नये. त्यानें पुस्तकांस पुठ्ठे घालावेत, गाद्या उन्हांत टाकाव्यात, किराणा वाहून न्यावा. तीही सेवाच आहे, आणि तिनें कोणाचा भरंवसा मोडत नाहीं.

त्याच बाईंकडून आणखीही कांहीं शिकलों. दिवाळींत व नाताळांत तेथें फराळाचे डबे इतके येतात कीं ठेवावयास जागा पुरत नाहीं. जून महिन्यांत मात्र वह्या, चपला, दप्तरें आणि छत्र्या यांची ओढाताण असते. एकाला चष्मा हवा असतो, एकीचा दांत ठणकत असतो, मोठ्या मुलींस महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या वस्तु कोणी आणून देत नाहीं. दाता आपल्या वाढदिवसाच्या दिवशीं येतो. मुलाची गरज त्या दिवसाची वाट पाहत नाहीं. तेव्हां काय द्यावें हें आपण ठरवूं नये, आधीं विचारावें. तसेंच संस्थेनें आपलें ओळखपत्र मागितलें, पोलिसांकडून चौकशी करविली, किंवा मुलाजवळ एकट्यास बसूं दिलें नाहीं, तर रागावूं नये. जी संस्था कोणासही आंत सोडते, तिच्याविषयींच शंका घ्यावी.

आणि सेवा बालगृहाच्या भिंतींतच असते असें कोणी समजूं नये. पुष्कळ मुलें आई जिवंत असूनही केवळ दारिद्र्यामुळें संस्थेंत येतात. मूल आपल्या माणसांतच वाढावें म्हणून महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३ सालीं तिची रक्कम मुलामागें महिना २२५० रुपये करण्यांत आली. परंतु त्यासाठीं पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचें पुस्तक हीं सर्व जमवून अर्ज भरावा लागतो. मोलमजुरी करणाऱ्या विधवेस एका दाखल्यासाठीं एक दिवसाचा रोज बुडवावा लागतो. वरच्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांनीं अशा एका आईस अर्ज लिहून दिला, कचेरींत सोबत केली, तर एक मूल घरींच राहील. मेळ्यांतील कोणत्याही दुकानानें इतकी कमाई केलेली आमच्या ऐकिवांत नाहीं.

शेवटीं हिशेबाची गोष्ट. समजा, मेळ्यांत शंभर रुपये आले आणि मंडप, ध्वनिक्षेपक व पाहुण्यांचे हार यांत त्यांतले चाळीस गेले, तर तिकीट घेणाऱ्यास तें कळावयास नको काय? ज्यानें मुलांसाठीं म्हणून पैसे दिले, त्याचे पैसे मंडपांत गेले असतील तर तें त्याला सांगणें आपलें कर्तव्य आहे. हिशेब दाखविल्यानें दात्याचा हात आंखडत नाहीं, झांकल्यानें आंखडतो.

म्हणून येत्या वर्षासाठीं आमच्या सूचना अशा आहेत. मेळा अवश्य भरावा, गाणीं व्हावींत, भजीं तळावींत. परंतु बालगृहांतील एकाही मुलास रंगमंचावर बोलावूं नये आणि त्याचें छायाचित्र घेऊं नये. तीं मुलें आलींच तर पाहुणीं म्हणून यावींत, चक्र फिरवावें, बक्षिसें जिंकावींत. मिळालेली रक्कम एकदम न देतां बालगृहास विचारून महिन्यामहिन्याच्या गरजेप्रमाणें द्यावी, आणि प्रत्येक वर्गानें वर्षभर झेपेल एवढी लहानशी मासिक वर्गणी पत्करावी. रविवारच्या सेवेसाठीं थोडींच नांवें घ्यावींत, पण तीं वर्षअखेरपर्यंत टिकणारीं असावींत. आणि जमाखर्चाचा कागद शाळेच्या फलकावर सर्वांस वाचतां येईल असा लावावा.

यांत उत्सवाची मजा कमी होईल अशी भीति कोणास वाटेल. आम्हांस ती वाटत नाहीं. एक शेवटची हकीकत सांगून लेखणी आवरती घेतों. तो मुलगा शेवटच्या बांकावर जाऊन बसला असें वर सांगितलेंच आहे. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेनंतर त्याचा जुना सोबती, ज्याच्या हातून आम्हीं तें ब्लँकेट देवविलें होतें, आपलें दप्तर उचलून त्याच्याशेजारीं जाऊन बसला. त्याला कोणी सांगितलें नव्हतें. तो अद्यापि तेथेंच बसतो. त्या दिवशीं टाळ्या झाल्या नाहींत आणि छायाचित्रही निघालें नाहीं. आमच्या सबंध मेळ्यानें जें साधावयाचें होतें, तें त्या मुलानें एक दप्तर हलवून साधलें, असें आम्हांस नम्रपणें वाटतें. आणि येत्या डिसेंबरांत वडाखालीं दुकानें मांडतांना आपण सर्वांनीं तें स्मरावें, एवढीच वाचकांस विनंती आहे.